गॅसची गळती ओळखणारा पहारेकरी

भोकरदनपासून परतूरपर्यंत, आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव आता चुलीशेजारी गॅसची शेगडी दिसते. घरातल्या बायामाणसांचा धुराचा त्रास कमी झाला, ही आनंदाची गोष्ट. पण शेगडीबरोबर एक नवी काळजीही घरात आली आहे.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण थंडीत दारे-खिडक्या लावून सारे झोपले असतील, किंवा सर्दीने नाक चोंदले असेल, तर तो वास येणार कोणाला?

अशा वेळी नाकाचे काम करणारे छोटे यंत्र जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली शोधून काढले. भांड्यांना कल्हई करायला जे कथिल लागते, त्याच्या ऑक्साइडवर हे यंत्र चालते. हवेतला ऑक्सिजन त्या ऑक्साइडच्या कणांवर बसतो आणि त्यातील इलेक्ट्रॉन, दावणीला जनावर बांधावे तसे, बांधून ठेवतो. त्यामुळे वीज कमी वाहते. गळालेला गॅस त्या ऑक्सिजनशी संयोग पावला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज वाढते आणि घंटा वाजते.

अडचण एकच. हे काम नीट व्हायचे तर तो कण साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. म्हणजे वीज सतत हवी. दिवे गेले की पहारेकरी झोपला!

म्हणून न तापवता चालणाऱ्या संवेदकाचा शोध जगभर सुरू आहे. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील संशोधकांचे असे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. जस्ताच्या ऑक्साइडवर क्रोमियम ऑक्साइडचा संस्कार करून त्यांनी साध्या तापमानाला अमोनिया ओळखून दाखवला. गोठ्यात मुताचा जो झणझणीत वास येतो, तोच हा अमोनिया. मात्र अशा संवेदकांना दमट हवा बाधते, आणि एकदा गॅस लागला की पूर्ववत व्हायला बरेचदा वेळ लागतो.

यंत्र घ्याल तेव्हा ते कोणत्या गॅसचे आहे ते विचारा. सिलिंडरच्या गॅससाठी ते जमिनीजवळ लावा. गोबरगॅसमधला मिथेन हलका असतो, त्यासाठी ते वर, छताजवळ लावा. विहिरीत उतरताना मात्र या यंत्रावर विसंबू नका. तिथे ऑक्सिजन कमी असला, कार्बन डायऑक्साइड साचला, तरी त्याला ते कळत नाही.

आणि यंत्र असो वा नसो, वास आला तर काडी ओढू नका. दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, लेकराबाळांना बाहेर काढा आणि बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. एवढे घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी मुलांनासुद्धा, आजच सांगून ठेवा.