उत्क्रांती व समुदाय-पारिस्थितिकी : भीमाशंकरच्या वनाधारे मूलभूत संकल्पनांचा परिचय

प्रस्तावना

सजीवांच्या आजच्या स्वरूपामागे त्यांचा दीर्घ इतिहास असतो, तर त्यांचे आजचे अस्तित्व इतर सजीवांशी असलेल्या संबंधांवर अवलंबून असते. पहिल्या बाजूचा विचार उत्क्रांतिशास्त्र करते, तर दुसऱ्या बाजूचा समुदाय-पारिस्थितिकी. अभ्यासक्रमात हे विषय स्वतंत्र प्रकरणांत येतात. निसर्गात मात्र ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन्ही शाखांतील काही मूलभूत संकल्पना भीमाशंकर परिसरातील उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट केल्या आहेत. पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत विस्तारलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे संरक्षण हा त्याच्या स्थापनेचा प्रमुख हेतू होता.

नैसर्गिक निवड व अनुकूलन

चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड वॉलेस यांनी १८५८ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवडीची कल्पना तीन गोष्टींवर उभी आहे. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये भेद असतात. त्यांपैकी काही भेद आनुवंशिक असतात. आणि त्या भेदांमुळे काहींची संतती इतरांपेक्षा अधिक टिकते. या तीन अटी पूर्ण झाल्या की पिढ्यान्‌पिढ्या समष्टीचे स्वरूप बदलत जाते.

शेकरू आपले बहुतेक आयुष्य वृक्षांच्या छत्रात घालवते. झुपकेदार लांब शेपूट तोल सावरण्यास उपयोगी पडते आणि बळकट नखांमुळे फांदीवरील पकड सुटत नाही. 'उड्या मारून मारून शेकरूचे शरीर तसे घडले' ही समजूत चुकीची आहे. एका प्राण्याने आयुष्यात कमावलेले कसब पिलांकडे वारशाने जात नाही. ज्यांची पकड व तोल जन्मतःच अधिक चांगले होते, त्यांची संतती अधिक उरली. म्हणजेच उत्क्रांती व्यक्तीची होत नसून समष्टीची होते.

भौगोलिक विलगता

भारताच्या निरनिराळ्या वनप्रदेशांत शेकरूच्या अंगावरील रंगछटा भिन्न आढळतात. त्यांवरून काही उपजाती कल्पिल्या गेल्या. त्यांच्या संख्येबाबत मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन समष्टींमधील देवाणघेवाण थांबली की त्यांच्यातील भेद वाढत जातात, हे यामागील तत्त्व होय. परंतु विलगता नेहमीच नवनिर्मिती करते असे नाही. विलग झालेली समष्टी लहान असेल, तर केवळ योगायोगाने काही जनुके नाहीशी होतात आणि निकटसंबंधितांतील प्रजननामुळे तिची जीवनक्षमता घटते. छत्राची सलगता तुटल्यास शेकरूपुढे हाच धोका उभा राहतो.

परिस्थितिकीय स्थान

एखादी जाती कोठे राहते, काय खाते आणि कोणत्या वेळी वावरते, या सर्वांचा मिळून तिचे परिस्थितिकीय स्थान असा निर्देश होतो. रशियन शास्त्रज्ञ गॉज यांनी १९३४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखविले की, मर्यादित साधनांसाठी पूर्णतः समान स्थानावर स्पर्धा करणाऱ्या दोन जाती दीर्घकाळ एकत्र नांदत नाहीत.

भीमाशंकर येथील सुतार भुंगे या संदर्भात उद्बोधक आहेत. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत येथील तीन जातींच्या वावराच्या वेळा नोंदविल्या आहेत. एक जाती दिवसा उडते, दुसरी दिवसाबरोबरच संधिप्रकाशात व चांदण्या रात्रीही, तर तिसरी अंधाऱ्या रात्रीही उडते. ही तिसरी जाती केवळ ताऱ्यांच्या प्रकाशात रंग ओळखू शकते. अशा विभागणीमुळे स्पर्धा सौम्य होऊ शकते. तथापि ही विभागणी स्पर्धेमुळेच निर्माण झाली, असा निष्कर्ष केवळ निरीक्षणावरून काढता येत नाही.

सहजीवन व सहउत्क्रांती

याच परिसरातील वारस या वृक्षाच्या फुलांचे परागण रात्री सुतार भुंगे करतात. हे भुंगे वाळलेल्या लाकडात पोखरून घर करतात. त्यामुळे वठलेला ओंडका निरुपयोगी समजून हलविला गेला, तर त्याचा परिणाम वारसाच्या फलधारणेपर्यंत पोहोचू शकतो. उंबर व त्याच्या फळात वाढणारी सूक्ष्म गांधीलमाशी यांचे नाते याहूनही घट्ट आहे. माशीवाचून परागण नाही आणि उंबरावाचून माशीची पुढील पिढी नाही. दोन जाती परस्परांच्या उत्क्रांतीची दिशा ठरवितात, तेव्हा त्या प्रक्रियेला सहउत्क्रांती म्हणतात.

कारवीचे उदाहरण निराळे आहे. ही झुडपे साधारणतः सात-आठ वर्षांनी एकाच वेळी फुलतात आणि बी धरून मरतात. एकाच हंगामात बीज विपुल झाल्याने भक्षकांनी खाऊनही पुष्कळ बीज शिल्लक उरते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

देवराया व जीवसमुदायाची जपणूक

माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे जैविक महत्त्व निदर्शनास आणले. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई याच परंपरेतील आहे. महादेव कोळी समाजाच्या श्रद्धेने राखलेल्या अशा रायांत जुने वृक्ष, वेली व वठलेली खोडे एकत्र टिकतात. तोड झालेल्या जमिनीवर गवत, झुडपे व वृक्ष अशा क्रमाने वन पुन्हा उभे राहते. यास अनुक्रमण म्हणतात. मात्र त्यासाठी लागणारे बीज जवळपास असावे लागते. देवराई म्हणजे असे बीजभांडारच होय.

समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शेकरू वाचविणे म्हणजे केवळ शेकरूची शिकार थांबविणे नव्हे. त्याचे अन्न देणारी झाडे, त्या झाडांचे परागण करणारे कीटक, कीटकांना आसरा देणारे वाळके लाकूड आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारी सलग फांदी, हे सारे टिकले तरच शेकरू टिकेल. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र तेवढीच रोपे लावल्याने झाडांची संख्या भरून निघते; तुटलेले संबंध भरून निघत नाहीत. हे संबंध घडण्यास हजारो पिढ्या लागलेल्या असतात. संवर्धनाचे नियोजन करताना जातींच्या यादीइतकेच लक्ष या संबंधांकडे देणे आवश्यक आहे.