काळ्या कडेखालचा तपकिरी पट्टा

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरून उसाच्या बैलगाड्या आजही कारखान्याकडे जातात, पण त्यांची चाकं आता टायरची. लोखंडी धावेचं जुनं चाक कुठे दिसलंच, तर धाव आणि लाकूड जिथे भिडतात ती कड निरखून पाहावी. तिथे लाकूड काळं पडलेलं असतं.

धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची आणि चिमट्यांनी उचलून बाभळीच्या पाट्यांवर बसवायची, ही लोहाराची रीत. चार मीटर घेराचं लोखंड ५०० अंशांनी तापलं की अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. धूर निघतो, लाकूड पेटू पाहतं, तेवढ्यात वरून पाणी पडतं. गार होणारी धाव पाटे, आरे आणि तुंबा असे काही आवळते की खिळ्यांची फारशी गरज उरत नाही.

ती काळी कड तासून पाहिली तर कोळशाच्या थराखाली तपकिरी पट्टा लागतो आणि त्याखाली लाकडाचा मूळ रंग. सगळी गंमत त्या मधल्या पट्ट्यात आहे. तिथपर्यंत उष्णता पोचली, पण जाळायला पुरी पडली नाही.

लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. साधारण १६० अंशांपुढे यातलं हेमिसेल्युलोज आधी मोडू लागतं. ते साखरेच्याच कणांचं बनलेलं, त्यामुळे काहिलीत रस जास्त तापला की गूळ काळपटतो, तसाच काहीसा प्रकार इथे होतो. लिग्निनही बदलतं, नवी रंगीत द्रव्यं तयार होतात.

फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात या बदलाचा उद्योगच उभा राहिला. बंद भट्टीत वाफ सोडायची, म्हणजे हवेअभावी लाकूड पेटत नाही. मग १९० ते २१२ अंशांपर्यंत तापवायचं. पांढुरकं पाइन मधासारखं, नाहीतर गडद तपकिरी होऊन बाहेर येतं. जितकी आच जास्त, तितका रंग गडद. पॉलिश वरवरचं असतं. हा रंग गाभ्यापर्यंत मुरतो, फळी कापली तरी आत तोच. शिवाय असं लाकूड पाणी कमी शोषतं, त्यामुळे कमी फुगतं.

मात्र ते ठिसूळ होतं. वजन पेलणाऱ्या तुळईसाठी ते घेऊ नये. आणि एवढा गाभ्यापर्यंत गेलेला रंगही उघड्या उन्हात टिकत नाही. तेल किंवा लेप न लावता ठेवलं तर लाकूड करडं पडतं. विक्रेते हे सहसा शेवटी सांगतात.

गिटार बनवणाऱ्या काही परदेशी कंपन्या मॅपलचं लाकूड असं भाजून वापरतात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथली रीत वेगळी. तिथे तुणीचं लाकूड मुळातच तांबूस असतं. ते भट्टीत न भाजता सावकाश वाळू द्यायचं आणि झळाळी आणायची ती चपडा लाखेच्या पॉलिशने, हाताने थरावर थर देऊन.