समोरच्या दुकानातला कापूस
(लेखमाला : परदेशातली युद्धे आणि आपली वर्तमानपत्रे, भाग ६)

युद्धवार्ताहर रणांगणावर कसा पोहोचला, हे मागच्या भागात पाहिले. पण तो काय पाहतो यापेक्षा त्याचे पत्र कोणाच्या बाजूने उभे आहे, हा प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तर अग्रलेखापेक्षा व्यंगचित्रात लवकर सापडते. याचा एक दाखला थेट आपल्या यवतमाळच्या काळ्या मातीशी जोडलेला आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्याआधी ब्रिटनच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. तो गुलामांच्या श्रमांवर पिकत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांवर संकट आले. ब्रिटनमध्ये गुलामगिरी कायद्याने कधीच बंद झाली होती. तरीही लंडनच्या ‘टाइम्स’चा कल दक्षिणेकडेच राहिला. अग्रलेखांत तटस्थता, राष्ट्रांचे हक्क अशी मोठी तत्त्वे येत, आणि वाचकाला वाटे की वाद तत्त्वांचाच आहे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाने एक व्यंगचित्र छापले. दोन अमेरिकन आपल्याच दुकानात हातघाईवर आलेले आहेत. गिऱ्हाईक आहे जॉन बुल, म्हणजे इंग्लंड. तुम्हाला धंद्यापेक्षा मारामारीच प्यारी असेल तर मी आपला समोरच्या दुकानातून माल घेतो, असे तो त्यांना बजावतो. ते समोरचे दुकान हिंदुस्थानच्या कापसाचे. गुलामगिरी, स्वातंत्र्य, तत्त्वे यांतले काहीही त्या चित्रात नाही. आहे ते गिऱ्हाईक आणि कापूस. वर्तमानपत्रांनी महिनोन्महिने तत्त्वांच्या भाषेत गुंडाळलेली गोष्ट एका चित्राने उघडी केली. व्यंगाचे खरे सामर्थ्य मला इथे दिसते. बातमी कोणाच्या सोयीची आहे, हे ते एका नजरेत दाखवते.

आता त्या समोरच्या दुकानात जाऊ. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. वऱ्हाडातला आजचा यवतमाळ जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून आखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. युद्धामुळे कापसाचे भाव चढले, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली, सावकाराने हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तेजीचा फुगा फुटला. मुंबईत त्या वर्षी पेढ्या बुडाल्या, कंपन्या बुडाल्या. तो हाहाकार इतिहासात नोंदला गेला, कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव आजही घेतले जाते. त्या तेजीत कर्ज काढलेल्या वऱ्हाडच्या कुणब्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

‘पंच’च्या चित्रातही तो कुणबी नाही. समोरच्या दुकानाचा मालक आहे, पण त्याच्या मालामागचे शेत चित्रात कुठेच नाही. इंग्रजी पत्रांचा स्वार्थ उघडा करणारे व्यंगसुद्धा लंडनच्याच फुटपाथवर उभे राहून जग पाहत होते. याच ‘पंच’ने अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याची चार वर्षे यथेच्छ टर उडवली. त्याच्या हत्येनंतर, मे १८६५ मध्ये, त्याच साप्ताहिकाने एक शोकगीत छापून ती टर चुकीची होती अशी कबुली दिली. व्यंगकारालाही पूर्वग्रह असतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आपल्या बाजूने व्यंगाची ही नजर आणली ती शिवराम महादेव परांजपे यांनी. १८९८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या ‘काळ’ साप्ताहिकाचे हत्यार होते वक्रोक्ती. परदेशची बातमी तेव्हा रॉयटर या वृत्तसंस्थेच्या तारेने, लंडनच्या चष्म्यातूनच यायची. साम्राज्याची स्तुती करत करत तिच्यातली पोकळी दाखवायची, ही परांजप्यांची हातोटी सरकारला बरोबर कळली. १९०८ मध्ये त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि ‘काळा’तील निबंधांवरची बंदी उठायला १९३७ उजाडले. परांजप्यांच्या शिक्षेनंतर दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, बापूजी अणे यांनी यवतमाळातच ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. वणीत जन्मलेल्या माणसाला, जगाची बातमी आपल्या गावातून लिहावी असे वाटले, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

२०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, तेव्हा आपल्या वाहिन्यांचा आवाज इतका चढला की २३ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढून भडक मथळ्यांबद्दल समज द्यावी लागली. पडद्यावर रणगाडे आणि नकाशे होते. रशिया आणि बेलारूस हे पोटॅश खताचे मोठे निर्यातदार आहेत. त्या युद्धाने खताच्या गोणीचे काय होणार, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या मारेगाव-झरीच्या शेतकऱ्याला पडला होता. रात्रीच्या चर्चेत त्याला किती जागा मिळाली, ते तुम्ही स्वतः आठवून पाहा.

वाचकांना एक विनंती. या आठवड्यात परदेशातल्या युद्धाची एखादी बातमी आणि त्याच दिवशीचे त्याच विषयावरचे व्यंगचित्र शेजारी ठेवा. बातमीत कोणाचा स्वार्थ बोलतो ते चित्रात शोधा, आणि चित्रातून कोण सुटला आहे ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण रॉयटरच्या तारेचा प्रवास पाहू, तेव्हा या नोंदी कामी येतील.