जिवाणूचा डीएनए : प्रतिकृतीचा प्रारंभ

लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही नावे आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर वारंवार आढळतात. ती जिवाणूच्या कोणत्या कर्मावर आघात करतात हे जाणावयाचे, तर जिवाणू आपल्या डीएनएची प्रत काढण्यास आरंभ कसा करतो, हे पाहिले पाहिजे.

ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा डीएनए म्हणजे सुमारे 46 लाख अक्षरजोड्यांचे बंद कडे. प्रतीचा आरंभ कोठूनही होत नाही. त्यासाठी सुमारे 245 जोड्यांचे एक ठरावीक स्थान आहे. ‘डीएनए-ए’ नावाचे प्रथिन (नाव फसवे असले तरी ते प्रथिनच) एटीपी धारण करून तेथे गोळा होते. मग ए व टी अक्षरे अधिक असलेल्या भागात दुहेरी पीळ उकलतो, कारण ही जोडी दोनच हायड्रोजन-बंधांनी बांधलेली असते. तेथून दोन्ही दिशांनी प्रत निघू लागते. पूर्ण प्रतीस सुमारे 40 मिनिटे लागतात. तरीही पोषक द्रवात हा जिवाणू 20 मिनिटांत दुणावतो! पहिली प्रत पुरी होण्यापूर्वीच दुसरीचा आरंभ झालेला असतो.

सुंभाचे पदर ओढून सोडवू लागले की पुढचा पीळ घट्ट होतो, तसेच येथे होते. तो सैल करणारे विकर म्हणजे गायरेज. आरंभस्थान उकलण्यास आवश्यक तो सैलपणाही तेच राखते. उपरोक्त औषधे या गायरेजलाच डीएनएवर जखडतात आणि डीएनए तुटतो.

क्षयाच्या जिवाणूचा डीएनए जवळजवळ तेवढाच, 44 लाख जोड्यांचा. पण दुणावण्यास त्याला सुमारे 20 ते 24 तास लागतात. शिवाय अन्य अनेक जिवाणूंत या औषधांना दुसरेही लक्ष्य असते, क्षयजिवाणूत गायरेज हे एकच. त्याच्या जनुकात एक बदल घडला, तरी औषध निष्प्रभ होऊ शकते.

म्हणूनच दोन आठवडे खोकणाऱ्या रुग्णास थुंकी न तपासता लेव्होफ्लॉक्सासिन देणे घातक होय. तात्पुरता उतार पडतो, निदान लांबते आणि प्रतिरोधी जिवाणू तेवढे उरतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 2011 च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले. प्रतिरोधी क्षयासाठी केंद्र शासनाने 2024 मध्ये मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमातही मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. ते आज वाया घालविणे परवडणारे नाही.

ही दोन्ही औषधे 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीत आहेत. विक्रेत्याने चिठ्ठीखेरीज ती देऊ नयेत. वैद्य व रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी. राजयक्ष्म्याची शंका येताच रुग्णास प्रथम शासकीय केंद्रात थुंकीच्या तपासणीस धाडावे. ती तेथे विनामूल्य होते.