चौकात आधी कोण?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक फाट्यावर दिवसातून शेकडो वेळा एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आधी कोण? कारखान्याच्या यार्डात हा प्रश्न पडत नाही. तेथे टोकन असते, नंबर असतो, आणि मागचा माणूस कितीही तालेवार असो, पुढची गाडी गव्हाणीवर खाली झाल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. फाट्यावर टोकन देणारे कोणी नाही. म्हणून बेणे, खत आणि पाणी हे आमचे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या वेळी आम्ही चौकाविषयी लिहीत आहोत. ट्रॉली ओढणारा ड्रायव्हर बहुधा आपल्याच वस्तीवरचा पोरगा असतो, हेही त्याचे एक कारण.

विषय नीट कळायचा तर शहरातला एखादा नाका पाहावा. यंत्रांच्या कामानिमित्त आम्हांस अंबरनाथला जावे लागते. आपल्या भागातील बरीच मुलेही तिकडे नोकरीला आहेत. रेल्वेने या गावाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर. पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि कल्याणहून उल्हासनगरमार्गे बदलापूरकडे जाणारा मोठा रस्ता. या पश्चिम भागात आगपेट्यांच्या कारखान्यावरून नाव पडलेला विम्को नाका आहे, मटका चौक आहे. संध्याकाळी कामगारांची सुटी आणि लोकलची गर्दी एकत्र आली म्हणजे रिक्षा, टेम्पो, बस, मोटारसायकल आणि पायी माणसे सगळी एकाच तोंडाशी येतात. रस्ता काँक्रीटचा झाला, रुंदही झाला. पण चारी रुंद केली आणि दार तेवढेच ठेवले तर पाणी दाराशी तुंबणारच, हे आपणांस वेगळे सांगायला नको. तेथे पुढे जातो तो नियमाने जातो असे नाही. ज्याने आधी चाक घातले तो जातो.

गंमत अशी की हा घोळ काही आपलाच नाही. पॅरिस शहरात विजयकमानीभोवतीच्या चौकात बारा रस्ते येऊन मिळतात. तेथे जुना रिवाज अजून चालू आहे: आत फिरणाऱ्याने थांबायचे आणि बाहेरून येणाऱ्यास वाट द्यायची. परिणामी आतली गर्दी आतच अडकते. इंग्लंडमध्येही गोल चौक असेच जाम होत असत. १९६६ साली तेथे नियम झाला की गोलात जो आहे त्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबावे. एवढ्या एका नियमाने गोल मोकळे वाहू लागले. पुढे १९७२ साली स्विंडन गावी फ्रँक ब्लॅकमोर यांच्या कल्पनेतून एका मोठ्या गोलाभोवती पाच लहान गोल आखले गेले. त्यात मधल्या गोलाला वाहने चक्क उलटी फिरतात. चित्र पाहिले तर डोके गरगरते, पण ते चालते. कारण प्रत्येक लहान गोलावर उत्तर एकच आहे, उजवीकडून येणाऱ्यास वाट द्या.

आपल्याकडेही नियम नाही असे समजू नये. १९८९ च्या रस्ते नियमांत मुख्य रस्त्यावरील वाहनास, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्यास, आधी जाऊ द्यावे असे होते. २०१७ च्या नव्या नियमांतही गोलातील वाहनास पहिला हक्क आहे. नियम आहे, पण ड्रायव्हरला तो सांगितलेला नाही, एवढाच फरक. नुसते बांधकाम करूनही भागत नाही. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंगाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रस्त्यांचे उद्घाटन झाले. तेथे नवखा माणूस पाटी वाचता वाचताच आपले वळण सोडून पुढे जातो.

आता आपल्या गाडीकडे वळू. "एवढी मोठी गाडी दिसत नाय का समोरच्याला?" असे आपले ड्रायव्हर म्हणतात. दिसते हो, पण किती वेळ आडवी राहणार ते समोरच्याला कळत नाही. हिशेब करून पाहा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून समजा पंधरा मीटर, आणि ओलांडायचा रस्ता बारा मीटर. म्हणजे शेवटची ट्रॉली पार व्हायला सत्तावीस मीटर जावे लागते. भरल्या गाडीचा वेग तासाला पाच किलोमीटर धरला तर त्यास सुमारे वीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी साठ किलोमीटरने येणारी मोटार तीनशे तेहेतीस मीटर येते! ड्रायव्हरने पाहिले तेव्हा रस्ता रिकामा होता हे खरेच असते. म्हणून वळणाच्या किंवा चढाच्या आड असलेल्या फाट्यावर, विशेषतः रात्री, एक गडी खाली उतरून बॅटरी घेऊन पुढे उभा राहिल्याशिवाय ट्रॅक्टर घालू नये. मागे रिफ्लेक्टर असला तरी आडव्या गाडीची बाजू अंधारातच राहते. तेव्हा ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना पट्ट्या लावाव्यात.

दुसरी बाब वळणाची. ट्रॅक्टरची चाके जेथून जातात तेथून ट्रॉलीची जात नाहीत. पहिली ट्रॉली आतल्या अंगाला सरकते, दुसरी तिच्याहून आत. डावीकडे वळताना शेवटचे चाक कोपऱ्यावर चढते, आणि नेमके तेथेच एस्टीची वाट पाहणारी माणसे आणि शाळेची पोरे उभी असतात. गोल चौकात तेच चाक मधल्या गोलाकडे ओढले जाते. एखादा मोटारसायकलवाला गोल आणि ट्रॉली यांमधल्या फटीत शिरलेला असेल तर त्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही. ड्रायव्हरने गोलापासून अंतर राखून, बाहेरच्या अंगाने, दमाने फिरावे. बाहेर काढलेले वाढे आणि मोळ्यांची टोके आरसा झाकतात, तीही भरतानाच आत घ्यावीत. खेप वाढावी म्हणून ट्रॉली रुंद भरण्याची सवय आम्हांस मुळीच पसंत नाही.

बैलगाडीवाल्यांचे मात्र कौतुक केले पाहिजे. बैल बुजेल या धास्तीने ते फाट्यावर आपोआप थांबतात.

यंदा वाहतुकीचा करार करण्यास येताना मालकांनी ड्रायव्हरला बरोबर आणावे. शेतकी खात्यामागच्या मोकळ्या जागेत चुन्याने चौक आणि गोल आखून, दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडून मागचे चाक कोठून जाते ते आम्ही दाखवणार आहोत. ओल्या चुन्यावर चाकाचा माग स्पष्ट उठतो.