पॅकेज नंतर, आधी सातबाऱ्यावर तिचे नाव

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला पॅकेज हा शब्द नवा नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यानंतरही संस्था-संघटनांची निवेदने मुंबईला जातच आहेत. वीस-वीस कलमांची यादी! मंत्री ती हसतमुखाने घेतात अन् फायलीत ठेवतात. म्हणून विचारावेसे वाटते, आधी नेमके मागायचे काय?

याचे उत्तर महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, दाखवून दिले आहे. २०१८ साली या मंचाने विदर्भ-मराठवाड्यातील ५०५ आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायांना नवऱ्याच्या शेतावर हक्कच मिळाला नव्हता. हा आकडा घेऊन बाया मुंबईत गेल्या. १८ जून २०१९ रोजी शासन निर्णय निघाला. वारसनोंद, रेशनकार्ड, पेन्शन, मुलांचे शिक्षण अशा बाबी त्यात आल्या.

पण निर्णय निघाला म्हणजे काम झाले असे नव्हे. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे?

नाव नसेल तर काय अडते?

सगळेच अडते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, सारे सातबारा पाहून मिळते. आता शेतकरी ओळख क्रमांकही त्यावरच. डवरणी, वेचणी तिची. पण कागदावर मालक मेलेला माणूस, नाहीतर दीर किंवा सासरा.

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई, सगळे सारख्या वाट्याचे धनी. मदतीचे प्रकरण ‘अपात्र’ ठरले, तरी वारसाहक्क जात नाही. हे बाईला कोणी सांगतच नाही. मात्र हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे कोलाम, गोंड भगिनींची मागणी संस्थांनी वेगळी मांडली पाहिजे.

मग मागावे काय?

पहिले, मृत्यूची नोंद होताच तलाठ्यानेच घरी जाऊन वारसाचा अर्ज भरून घ्यावा. दुसरे, किती वारसनोंदी बाकी आहेत, याचा तक्ता दर महिन्याला तहसील कार्यालयात लागावा. तिसरे, २०१९ च्या निर्णयाचा तालुकावार हिशेब शासनाने द्यावा. या तिन्हींना फार पैसा लागत नाही, म्हणून पैसा नाही ही सबब चालणार नाही.

२०२५ मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली. तुमच्या गावात कोणाचे नाव राहून गेले, ते तपासा.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, येत्या ग्रामसभेत हा एकच विषय घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढी तयारी करून द्या. नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करा. आणि फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा त्या बाईच्याच हाती द्या, दिराच्या नव्हे.