पीक प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण : घ्यावयाची काळजी

सुधारित तंत्राची माहिती वाचून कळते, परंतु ती पटते प्रत्यक्ष पाहिल्यावरच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमातून शेतीची चित्रे गावोगाव पोहोचली. आज शेतकरी गट, उत्पादक कंपन्या व कृषी महाविद्यालये स्वतःच्या चित्रफिती तयार करतात. कोणी मोबाईलवर चित्रण करतो, तर कोणी शहरातून कॅमेऱ्याचे युनिट बोलावतो. मात्र पैसा व वेळ खर्च करूनही अनेक चित्रफिती उपयोगी पडत नाहीत. याचे कारण बहुधा कॅमेरा नसून नियोजनाचा अभाव हे असते. पीक कॅमेऱ्यासाठी थांबत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी.

दादर येथील वाटाण्याची कुंडी

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९११ साली गिरगावात 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला आणि चित्रपट काढण्याचा निश्चय केला. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी दादर येथे बिऱ्हाड केले. तेथील रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम पौराणिक कथा न घेता कुंडीत वाटाणा पेरला व 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला. बी रुजून वेल वर चढेपर्यंतची महिनाभराची वाढ सुमारे एका मिनिटात पडद्यावर दिसली. त्यानंतर भांडवलाची सोय झाली आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला.

या चित्रपटासाठी रोज एक फ्रेम घेतली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हिशेब केल्यास ते जुळत नाही. त्या काळी सेकंदाला साधारणपणे १६ फ्रेम पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात, तर रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० फ्रेमच होतात व त्या दोन सेकंदांत संपतात. ९६० फ्रेम ३० दिवसांत घ्यावयाच्या तर रोज ३२, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक फ्रेम घ्यावी लागते. केवळ दिवसाचे १२ तास धरल्यास हे अंतर सुमारे २२ मिनिटांवर येते. चित्रीकरणापूर्वी असा हिशेब करणे आवश्यक आहे.

वाढीच्या चित्रणाचा हिशेब

आजच्या चित्रफितीत सेकंदाला साधारणपणे २५ फ्रेम असतात. बियाणे उगवणीची १० दिवसांची क्रिया १० सेकंदांत दाखवावयाची असल्यास २५० छायाचित्रे लागतील. १० दिवसांचे तास २४० होतात. म्हणून दर तासाला एक छायाचित्र घेतले तरी काम भागते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा व अखेरपर्यंत हलवू नये. कुंडीच्या बुडाभोवती खडूने खूण करून ठेवावी.

२) कुंडी खोलीत ठेवून दिव्याचा प्रकाश कायम एकसारखा ठेवावा. खिडकीतील उन्हाने चित्र कधी उजळ तर कधी काळवंडलेले येते. रोपही प्रकाशाकडे झुकते.

३) फोकस व प्रकाशाची मांडणी हाताने ठरवून कायम ठेवावी. स्वयंचलित मांडणीमुळे चित्र लुकलुकते.

४) पाणी झारीने न देता कुंडीखालील ताटलीत द्यावे. वरून पाणी दिल्यास माती दबते व अंकुर हलतात.

५) वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरीची सोय ठेवावी.

पिकाच्या अवस्थेनुसार वेळापत्रक

व्ही. शांताराम यांनी १९४२ साली परळ येथे राजकमल कलामंदिर उभारले. अशा स्टुडिओत प्रकाश आपल्या हाती असतो आणि प्रसंग फसला तर पुन्हा घेता येतो. शेतात फुलोरा एकदा निघून गेला की पुढील हंगामापर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून पेरणीपूर्वीच अवस्थानिहाय तक्ता तयार करावा. उदाहरणार्थ, सोयाबीनमध्ये बीजप्रक्रिया, पेरणी, उगवण, पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी येणारा फुलोरा, शेंगा भरणे, काढणी व मळणी या प्रत्येक वेळी काय दाखवावयाचे ते लिहून काढावे. वाण व पाऊसमानाप्रमाणे हे दिवस मागेपुढे होतात, म्हणून तारखेपेक्षा पिकाकडे पाहून निर्णय घ्यावा.

मुख्य प्रात्यक्षिकाशेजारी एक लहान वाफा ८ ते १० दिवस उशिरा पेरावा. पावसामुळे किंवा युनिट न आल्याने एखादी अवस्था हुकल्यास ती या वाफ्यात मिळू शकते. मात्र उत्पादनाची तुलना मुख्य प्लॉटवरूनच करावी. प्रत्येक चित्रणाच्या आरंभी तारीख, वाण व प्लॉट क्रमांक लिहिलेली पाटी दाखवावी, म्हणजे संकलनाच्या वेळी घोटाळा होत नाही.

प्रकाश, रंग व आकार

शेतातील चित्रण सकाळी ७ ते ९.३० व दुपारी ४ नंतर करावे. भर दुपारी पानांच्या सावल्या गडद पडतात व खोडावरील लक्षणे दिसत नाहीत. आवश्यक तेथे पांढरे कापड किंवा थर्माकोलची पाटी धरून सावलीच्या बाजूस उजेड द्यावा.

पिकाच्या चित्रफितीत रंगाला फार महत्त्व आहे. नत्राच्या कमतरतेने जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडतात. लोहाच्या कमतरतेने नवीन, वरची पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. कॅमेऱ्याने रंग बदलला तर पाहणारा चुकीचे खत टाकेल आणि नुकसान त्याचे होईल. म्हणून प्रत्येक जागी पांढरा कागद समोर धरून व्हाइट बॅलन्स ठरवावा, आणि शेजारी निरोगी पान ठेवून दोन्ही एकाच चित्रात दाखवावीत.

किडीचा आकार समजण्यासाठी जवळ काडेपेटीतील काडी किंवा नाणे ठेवावे. दोन ओळींतील ४५ सें.मी. अंतर नुसते सांगू नये, टेप लावून दाखवावे.

आवाज

वारा व मोटारपंप यांच्या आवाजात बोलणे हरवते. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ लावावा व त्यावर वारा अडविणारे स्पंजाचे आवरण घालावे. मात्रा, प्रमाण व दिवस सांगणारे निवेदन बंद खोलीत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावे आणि आकडे पडद्यावर लेखी द्यावेत. बोलीतील शेतकऱ्याची मुलाखत मात्र शेतातच घ्यावी.

जे दिसते त्याचे अनुकरण होते

निवेदनात हातमोजे वापरा असे सांगितले आणि चित्रात माणूस उघड्या हाताने औषध ढवळताना दिसला, तर लोक चित्राचेच अनुकरण करतात. म्हणून फवारणी दाखविताना पंपात साधे पाणी घ्यावे. तरीही हातमोजे, तोंडावर मास्क, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे अवश्य घालावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी दाखवू नये. बीजप्रक्रियेत प्रथम बुरशीनाशक व नंतर जिवाणू संवर्धन हा क्रम आणि बियाणे सावलीत सुकविणे या दोन्ही गोष्टी तुटक न दाखविता सलग दाखवाव्यात.

तुलना प्रामाणिक असावी. सुधारित व नेहमीच्या पद्धतीचे प्लॉट एकाच दिवशी, एकाच उंचीवरून घ्यावेत. सर्वांत चांगले झाड निवडून दाखविल्यास पाहणाऱ्याची अपेक्षा वाढते आणि पदरी निराशा येते. संपूर्ण प्लॉटचे वजन केलेले उत्पादन व आलेला खर्च दोन्ही सांगावे. ज्यांचे चित्रण करावयाचे त्यांची आधी संमती घ्यावी.

युनिट बोलावताना

दादर-परळ भागातून किंवा अन्य शहरातून व्यावसायिक युनिट बोलावल्यास दिवसाचे भाडे, प्रवास, मुक्काम, संकलन व पाऊस आल्यास दिवस बदलण्याची अट लेखी ठरवावी. चित्रांची यादी युनिटला आधी पाठवावी. छायाचित्रकाराला पीक ठाऊक नसते, म्हणून जाणकार व्यक्ती कॅमेऱ्याजवळ थांबावी. वातानुकूलित जागेतून आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर दमट हवेत बाष्प धरते. पिशवी न उघडता अर्धा तास थांबून मगच काम सुरू करावे. त्याच सायंकाळी चित्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

एका चित्रफितीत एकच शिफारस घ्यावी व ती दहा मिनिटांत संपवावी. तयार झाल्यावर प्रथम गावातील चार-पाच शेतकऱ्यांना दाखवावी व त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. सांगताना ते जेथे अडखळतील, तेवढा भाग दुरुस्त करून मगच चित्रफीत सर्वांसाठी खुली करावी.